अंथरूण न धरणारी माणसं

माझ्या माहेरच्या माणसांना एका गोष्टीचा भारी गर्व. आमच्यात कुणी अंथरूण धरत नाही. कोडोलीला आमच्या घरी जा, सोप्यात बसा, चहा येईपर्यंत कुणी ना कुणी हे तुम्हाला ऐकवणारच. आजा उसाला पाणी पाजता पाजता बांधावर टेकला, तो उठलाच नाही. चुलता पुतण्याच्या वरातीत हलगीपुढं नाचत होता, तिथंच गेला. आणि आमचे वडील गेले दूध डेअरीच्या रांगेत. ती गोष्ट तर दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मिशीवर हात फिरवून सांगायचा. “किटली आदी खाली ठिवली, मग पडलं. दुधाचा थेंब सांडला न्हाई!” ऐकणारे पाहुणे माना हलवायचे. काय पुण्याई म्हणायची! कुणाला हगणं-मुतणं काढायला लागलं नाही, कुणाच्या हाताचं पाणी प्यायला लागलं नाही. चालताबोलता गेली माणसं.

तिघांपैकी एकाचंही डोकं पुरतं पांढरं झालेलं नव्हतं, ते मात्र कुणी बोलायचं नाही. पुण्याईचा हिशेब चालू असताना वय कोण विचारतंय!

मी लग्न होऊन कोल्हापुरात आले. सासऱ्यांनी काढलेली खानावळ नवऱ्यानं वाढवली आणि तो गेल्यापासून तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची सगळी पातेली माझ्याच अंगावर आहेत. माझं तोंड फटकळ आहे, गिऱ्हाईकच सांगतील. पुन्हा पुन्हा रस्सा मागणाऱ्याला मी वाढते, पण दोन शब्द ऐकवून वाढते. पोटात एक आणि ओठात एक मला जमत नाही, आणि दुसऱ्यानं तसं केलेलं सोसत नाही. म्हणून दादानं जे केलं ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी ऐकून होते. माझ्या सख्ख्या भावानं माझ्या दुसऱ्या सख्ख्या भावाचा तसा कापला.

आणि दादा वाईट माणूस असता तर सोपं होतं हो. शिव्या घातल्या असत्या, मोकळी झाले असते. पण वडील गेले तेव्हा त्यानं कॉलेज सोडलं. म्हशी, ऊस, आई, आम्ही दोघं, सगळं त्यानं एकट्यानं ओढलं. माझं लग्न त्यानं उभं राहून लावलं. ऊसतोड ऐन भरात असो नाहीतर म्हैस विणार असो, भाऊबीजेला तो साडी घेऊन माझ्या दारात हजर. धाकट्याचा तर तो भाऊ नव्हेच, बापच. धाकटा त्याच्या शब्दाबाहेर जन्मात गेला नाही. दादानं विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर “कंच्या हिरीत?” एवढंच त्यानं विचारलं असतं.

काही वर्षांपूर्वी दादा हरियाणाला मुऱ्हा म्हशी बघायला म्हणून गेला. आमच्याकडचे दूधवाले जातात तसे. दिवस बरेच लावले आणि हात हलवत परत आला. तोंड सुकलेलं, गालफडं बसलेली. म्हणाला, “एक बी म्हस पसंत पडली न्हाई.” मी म्हटलं, “तुला म्हशींनी नापसंत केलं असंल!” सगळे हसले. दादाही हसला, पण नेहमीसारखं मांडीवर थाप मारून नाही. त्या वर्षी त्याच्या पोरीचं गडहिंग्लजला ठरलं होतं, लग्नाची धावपळ होती, तेव्हा दमला असेल म्हणून मी विसरूनही गेले.

त्यानंतर धाकट्याची मूत्रपिंडं गेली. ब्लडप्रेशर होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. डोकं दुखायचं, हा गडी मेडिकलमधून गोळी आणून खायचा आणि उसात जायचा. पाय सुजायला लागले तेव्हा कोल्हापुरात दाखवलं, तर थेट डायलिसिसवर. एक दिवसाआड हॉस्पिटलला यायला लागायचं. सारखं कुठं एसटीनं हेलपाटे घालतोस म्हणून मी त्याला माझ्याकडंच ठेवून घेतला. त्याची बायको म्हशींपायी गावी राहिली. त्याची पोरगी माझ्याकडंच कॉलेजला होती, बापलेकीची सोबत झाली.

खानावळवालीच्या घरी असला पेशंट म्हणजे काय, विचारू नका. एका चुलीवर गिऱ्हाइकांचा झणझणीत रस्सा आणि दुसरीवर ह्याची बिनमिठाची भाजी. तीसुद्धा आधी उकडायची, पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. पाणी प्यायचं तेही मोजून. नारळपाणी नाही, केळं नाही, आणि आमच्या कोडोलीच्या माणसाला दूधही हात राखून! ताटाकडं बघून म्हणायचा, “आक्का, ह्यो रस्सा हाय का भांडी धुतल्यालं पाणी?” मी म्हणायची, “भांडी धुतल्यालंच, तुझ्या नशिबात हाय, गीळ.” तो गिळायचा. बरं वाटलं की गल्ल्यावर बसायचा, गिऱ्हाइकांना पावणं पावणं करून आग्रह करायचा. स्वतःला खाता येत नव्हतं, तर दुसऱ्यांना खाताना बघायचा. मला ते बघवायचं नाही, पण त्याला त्यातच बरं वाटायचं.

उपचार सुरू झाले त्याच वेळची गोष्ट. किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी घरच्या माणसांना बोलावलं होतं. आमच्यात डॉक्टरसमोर घरातल्या थोरल्यानं बोलायचं, बाकीच्यांनी मागं उभं राहायचं. दादा फेटा बांधायचाच काय तो राहिला, अशा थाटात गेला. बुधवार होता, मटणाचा दिवस, मी चुलीपुढून हलू शकत नव्हते. आत काय झालं ते धाकट्यानं मला आल्यावर हसत हसत सांगितलं.

बाईंनी विचारलं, “घरात कुणाला हृदयाचा त्रास?”

दादा म्हणाला, “छ्या! आमच्यात हार्टबिर्ट न्हाई. सगळी ठणठणीत. वय झालं, चालताबोलता गेली.”

“आणि तुम्हाला स्वतःला?”

“मला? बाई, मी म्हशीचं निरसं दूध पितो!”

धाकटा हे सांगताना इतका हसला की खोकला आला. मीही हसले. दादाचं सगळं असंच, म्हटलं. डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या म्हणे.

मग गावची म्हाई आली. म्हाई म्हणजे आमची जत्रा. घरोघरी बोकड, पाहुण्यांच्या पंगती. धाकट्यानं हट्ट धरला म्हणून मी त्याला घेऊन गेले. देवळाची चढण चढून तो घरी आला आणि सोप्याच्या पायरीवर मटकन बसला. कपाळावर घामाचे थेंब. म्हणाला, “दादा, छातीत आवळल्यागत हुतंय. ह्यो हात बी जड झालाय बग.”

दादा त्याच्या समोरच उभा होता. त्याचा हात सदऱ्याच्या वरच्या खिशाकडं गेला. मी बघितलं. वाटलं, तंबाखूची पुडी काढतोय. ऐन वेळी तंबाखू सुचतोय ह्याला, असंही मनात आलं. हात खिशापाशी थांबला आणि रिकामाच खाली आला. मग दादा म्हणाला, “ग्यास हाय त्यो. बोकडाच्या वशाटाचा वास बी सोसंना झालाय तुला. ए, वाईच ओवा आणा रं!”

मी म्हटलं, “दादा, दवाखान्यात नेऊया की.”

“म्हाईच्या दिवशी दवाखाना? पावणं पानावर बसल्याती!” असा गरजला की अंगणातली पोरं थबकली.

धाकट्यानं ओवा चावला, घोटभर गरम पाणी प्याला. थोड्या वेळानं बरं वाटलं त्याला. “बगितलंस आक्का? दादाचा ओवा!” म्हणाला. तिथून पुढं त्याच्या खिशात ओव्याची पुडी कायमची आली. मधूनच एक चिमूट तोंडात टाकायचा. मी म्हणायची, “हॉस्पिटलात सांगितलंस का बाईंना?” तो म्हणायचा, “ग्यासचं काय सांगायचं? दादानं बगितलंय की.” मी सांगते म्हटलं तर चिडायचा.

पाऊस ओसरत आला होता. दुपारची गर्दी. धाकटा गल्ल्यावर होता. मी ताट घेऊन बाहेर आले तर तो पुडीतून ओवा काढत होता. दारात कुणी घुटमळत होतं, त्याला म्हणाला, “या की पावणं, भाकरी गरम हाय.” आणि बसल्या जागी पुढं पडला. गल्ल्यावर सगळा ओवा पसरला. रिक्षानं हॉस्पिटलला नेला, पण नेला तो उगीच नेला. माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत गेला, आणि मरताना तो लोकांना जेवायला बोलवत होता. अजून मला गल्ल्यावर बसवत नाही.

गावी नेलं. आणि सुरू झालं तेच. काय पुण्यवान! डायलिसिसच्या सुयांतून सुटला. हाल नाहीत, काही नाही, बोलता बोलता गेला. दादा ढसाढसा रडत होता, आणि रडता रडताच आल्यागेल्याला सांगत होता, “आमच्यात कुणी हातरूण धरत न्हाई.” मला त्या वेळी त्या वाक्याचा आधार वाटला. माणसाला काहीतरी धरायला लागतं.

तेराव्याला मी गोठ्याकडं राख टाकायला गेले. दादा भिंतीला टेकून उभा. त्यानं खिशातून छोटीशी बाटली काढली, एक गोळी काढून जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटले. डायलिसिसच्या वॉर्डात बसून बसून मला एवढं कळायला लागलं होतं, की जिभेखाली ठेवतात ती गोळी हृदयाची असते. मी विचारलं, “काय रं दादा, काय खाल्लंस?” तो दचकला. “आवळ्याची गोळी. तोंड आलंय.”

मी तिथून सरळ वैनीकडं गेले. दादाची बायको मोरीत भांडी घासत होती. मी फक्त एवढंच विचारलं, “वैनी, दादा कसली गोळी खातो?” तिच्या हातातलं पातेलं सुटलं.

“वन्सं, आता न्हाई ऱ्हावत मला,” म्हणून तिनं पदर तोंडाला लावला, आणि सगळं ओकली.

हरियाणा नव्हतंच. दादा मिरजेला होता. छातीत कळ आली म्हणून नेला, तर हृदयाची नळी बुजलेली. जाळी बसवली. तिथल्या डॉक्टरांनी आजा, चुलता, वडील, सगळ्यांचं खोदून खोदून विचारलं, रक्त तपासलं आणि सांगितलं की हे तुमच्या रक्तात जन्मापासून आहे, भावंडांना तपासून घ्यायला सांगा. पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. घराण्यात खोट आहे म्हणून सोयऱ्यांनी मोडलं असतं. दादानं वैनीला शपथ घातली. पोरगी नांदायला गेली, तिला पोरं झाली, तरी शपथ काही सुटली नाही.

“आणि धाकट्याची किडनी गेली तवा?” मी विचारलं.

“तवा मी म्हटलं हो त्यास्नी. म्हणलं, आता तरी सांगा. तर म्हणालं, इतकी वर्सं दडवलं ते कळलं तर धाकटा काय म्हणंल मला?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गोठ्यात जाऊन दादाला भर तेराव्यात, पाहुण्यांदेखत बोलले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, आठवायचंही नाही. त्यानं टोपी उचलली आणि मळ्याकडं चालता झाला. पाहुण्यांना वाटलं, बहिणीला दुःखानं भ्रम झालाय.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं जाऊन सांगितलं. त्यांनी धाकट्याची फाईल काढून पुढ्यात घेतली. मग म्हणाल्या, “मी त्यांना स्वतः विचारलं होतं हो. आणि नंतर त्यांना एकट्याला थांबवून, तुम्हा भावंडांना रक्त तपासायला घेऊन या असंही सांगितलं होतं.” आम्हाला ते कळलंच नव्हतं. दादानं बाहेर येऊन सांगितलं होतं, आणखी कुणी यायची गरज नाही म्हणून.

मी विचारलं, “बाई, सगळे किडनीवाले काय असे जातात?”

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. किडनी बिघडली की हृदयावर भार येतोच. पण सगळ्यांच्या हृदयावर सारखा येत नाही. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच वयाचे दोघं डायलिसिस घेतात, एकाचं हृदय तग धरतं, दुसऱ्याचं नाही. आईबापांकडून येणाऱ्या जनुकांत बारीकसारीक फरक असतात. कुणाच्या रक्तात एक चिवट चरबी जन्मापासूनच जास्त असते, ती आतून नळ्या धरत जाते. आधीच तसं रक्त, त्यावर किडनी गेलेली, म्हणजे दोन्हीकडून मार. आणि एका घरातसुद्धा ते सगळ्यांना येतं असं नाही. मला माझा मसाला आठवला. आमच्या घराण्याची कांदा-लसणाची चटणी एकच, पण आम्हा जावाजावांत एकीच्या हाताला मीठ जास्तच पडतं, दुसरीच्या नाही.

“कळलं असतं तर वाचला असता?” मी विचारलं.

“वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. पण मी त्याचं हृदय आधी बघितलं असतं. वेगळी औषधं दिली असती. आणि छातीत आवळतंय हे ऐकून त्याला कुणी ओवा दिला नसता.”

मग त्या म्हणाल्या, मुलीला आणा. तुम्हीही या.

धाकट्याच्या पोरीला मी काही न लपवता सांगितलं. बापाचं जे झालं ते तिचं व्हायला नको, माझ्या डोक्यात आता तेवढं एकच होतं. आम्ही दोघींनी तपासायला रक्त दिलं. माझ्यात ते निघालं नाही. तिच्यात निघालं. देवा, उलटं का नाही केलंस, असं मी हॉस्पिटलच्या जिन्यात मोठ्यानं म्हटलं, लोक बघायला लागले. पोरगीच मला म्हणाली, “आत्ती, गप की. कळलं न्हवं का? बाबांना कळलंच न्हाई.” बाईंनी तिला खाणं, ब्लडप्रेशर, दर काही महिन्यांनी तपासणी, सगळं नीट लावून दिलं. तरुण आहे, आधी कळलंय, सांभाळता येईल म्हणाल्या. एकच अट, कुठल्याही डॉक्टरला, आणि उद्या नवऱ्याच्या घरीसुद्धा, हे सांगायचं. दडवायचं नाही.

दिवाळी आली. घरात दुःख, फराळाचं काही केलं नव्हतं. दादा तेराव्यापासून माझा फोन उचलत नव्हता, पोरीच्या रक्ताचं मी तिच्या आईकरवी त्याला कळवलं होतं. पण भाऊबीज आमच्यात सोडत नाहीत. सकाळी दारात उभा. हातात साडी, डोक्याला टोपी, जसं काही झालंच नाही. मीही पाट मांडला. दरवर्षी दोन मांडायची, सवयीनं दोन काढले आणि एक परत ठेवला. दादा बसला. बराच वाळला होता. मला दया आली, खोटं कशाला सांगू. मी तबक घेतलं, निरांजन लावलं.

तेवढ्यात तो म्हणाला, “पोरीला चंदगडचं स्थळ आलंय. काजूची बाग हाय, माणसं चांगली हायती. तेवढं रक्ताचं कुटं बोलू नगंस. बिनबापाची पोरगी, न्हाईतर घरातच ऱ्हाईल.”

माझा हात तबकावर तसाच राहिला. ह्या माणसाला एक भाऊ पुरला नव्हता. पोरगी आत भाकऱ्या थापत होती, तिचा थापण्याचा आवाज थांबला.

मी म्हटलं, “दादा, एक सांग. म्हाईच्या दिवशी धाकटा पायरीवर बसला तवा तुजा हात खिशाकडं गेलता. गोळी हुती खिशात?”

तो खाली बघत राहिला. मला वाटलं, आता आवळा म्हणेल, तंबाखू म्हणेल.  निरांजनाची वात फडफडत होती.

“हुती,” तो म्हणाला.

“मग दिली का न्हाईस?”

“दिली असती तर त्यानं इचारलं असतं की, ही तुज्याकडं कशी?”

पोरगी दारात येऊन उभी होती, हाताला पीठ. तिनं ऐकलं. औक्षण म्हणजे भावाला आयुष्य मागायचं असतं. दरवर्षी मी दोघांनाही एकाच तबकानं, एकाच तोंडानं मागत आले होते, आणि एकानं दुसऱ्याचं आपल्या खिशात धरून ठेवलं होतं. मी वळले, पोरीला जवळ घेतलं आणि तिथंच उंबऱ्यावर तिला कुंकू लावून ओवाळलं. दादा टोपी घालून पाटावर बसून होता. मी त्याला ऊठ म्हटलं नाही आणि ओवाळलंही नाही.